कोशेरबायची सुयिन्शी

कल्पना करा, उजाडायला थोडाच अवकाश आहे आणि तुम्ही थंड वाळूवर पालथे पडलेले आहात. कोपराखाली काटा टोचतोय. पायावर काहीतरी चढतंय, बहुतेक गोचीड असावी, पण हात खाली न्यायचा नाही. खोकला आला तर तोंड बाहीत खुपसायचं. समोर हिंगाचे दांडे पिवळ्या फुलांनी जड होऊन उभे आहेत आणि त्यांच्या पलीकडे सपाट, हिरवट वाळू. बराच वेळ काहीच घडत नाही. मग झुडपामागून एक पांढरा गोळा धावत बाहेर येतो. त्याला पाय आहेत, डोकं नाही. हा दुआदाकचा नर, माळढोकाच्या जातीतला. मादीला भुलवण्यासाठी गळ्याची सगळी पांढरी पिसं त्याने डोक्यावर उलटी घेतली आहेत, त्यामुळे त्याला स्वतःला समोरचं धड दिसत नाही, तरी तो ठुमकत, वळणं घेत धावतोय. तुम्हाला ओरडावंसं वाटतं. ओरडायचं नाही.

आता अशी कल्पना करा, की दर वसंतात हे सगळ्यांच्या आधी बघण्याचा मान तुमचा आहे. वर्षानुवर्षं तुमचाच. आणि यंदा तो दुसऱ्या कोणाकडे जाणार अशी शंका तुम्हाला खाते आहे.

कोशेरबायला ती शंका खात होती.

कोशेरबाय माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. बहिणीच्या नवऱ्याला आमच्याकडे झेझ्दे म्हणतात, आणि मेव्हणीने झेझ्देची टर उडवायची हा तिचा हक्कच असतो. मी तो पुरेपूर वापरते. पण माणूस टर उडवण्यापलीकडचा आहे. तरुणपणी तो पाण्याचा टँकर चालवायचा. किझिलकुमच्या वाळूत जिथे जिथे मेंढपाळांची घरं होती तिथे तिथे पाणी पोहोचवायचा. टँकरची तोटी गळकी होती. गाडी जिथे थांबे तिथे वाळू ओली होई, आणि हा परत जाताना बघे तर त्या ओलीभोवती कोल्ह्याचे ठसे, काळशेपटी हरणांच्या खुरांचे ठसे, साळिंदराचा एखादा काटा. तोटी दुरुस्त करायला दिलेले पैसे त्याने दुसरीकडे खर्च केले आणि ठसे बघत राहिला. त्याची सगळी विद्या त्या गळक्या तोटीतून आलेली आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे त्याचा मत्सर. तो जन्मजात असावा. स्वतःच्या लग्नात दोंब्रा वाजवणाऱ्याला लोकांनी जास्त दाद दिली म्हणून हा जेवायला बसला नव्हता. डॉक्टरने त्याच्या भावाचा रक्तदाब जास्त सांगितला तेव्हा म्हणाला, "त्याला एवढं काय काम असतं?" त्याचा कुत्रा एकदा उंटवाल्या दुइसेनच्या मागे गेला आणि संध्याकाळी परत आला, तर हा दोन दिवस कुत्र्याशी बोलला नाही. कुत्र्याला ते कळलं नाही, एवढीच अडचण.

आम्ही राबिगा अपांकडे कामाला आहोत; वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे अपा म्हणतात. त्यांचा तळ आमच्या अक्कुदुक गावापासून बराच आत आहे. लोकरीच्या नमद्याचा एक मोठा गोल तंबू, बाकी साधे तंबू, पाण्याच्या टाक्या आणि एक चूल. बर्फ वितळल्यावर वाळवंट थोडे आठवडे हिरवं असतं. तेवढ्यात पाहुणे येतात, प्राणी-पक्षी बघतात, आमच्या चहात मीठ जास्त आहे म्हणून तक्रार करतात आणि तरी मागून घेतात. मी सोलर पॅनल, बॅटऱ्या आणि पाणवठ्यावरचे आपोआप फोटो काढणारे कॅमेरे सांभाळते. कोशेरबाय पाहुण्यांना वाळूत घेऊन जातो.

तळावर एक रीत आहे. तशी ती आमच्या सगळ्या मुलखाचीच. चांगली बातमी घेऊन जो पहिला धावत येईल त्याने "सुयिन्शी!" म्हणून ओरडायचं आणि ऐकणाऱ्याने त्याला काहीतरी द्यायचंच. नातू झाला तरी सुयिन्शी, हरवलेली उंटीण सापडली तरी सुयिन्शी. राबिगा अपांनी ही रीत दुआदाकला लावली. वसंतातला पहिला नाचणारा नर जो कोणी बघून येतो त्याला अपा सगळ्यांसमोर अंगावर काहीतरी घालतात, आणि त्या वर्षी पाहुण्यांच्या पुढे तोच चालतो. कोशेरबायच्या घरी अशा शर्टांची आणि टोप्यांची पेटी भरलेली आहे. पण त्याला हवं असायचं ते पुढे चालणं.

यंदा जुनी स्वयंपाकीण मुलीच्या बाळंतपणाला गेली. अपांनी विचारलं आणि माझी बहीण बाल्झान चुलीवर आली.

पहिल्याच सकाळी बाल्झान कणीक मळत होती. पुढ्यात पाहुणे चहा पीत बसलेले, कोशेरबाय उभा राहून त्यांना सांगत होता की या दिवसांत वाळूतला तो राखाडी पक्षी, लांब पायांचा, कावळ्याच्या गोत्रातला, घरटं करतो आणि ते घरटं सापडणं महाकठीण.

"अहो," बाल्झान म्हणाली, "जरा डावीकडे व्हा."

"मी बोलतोय ना."

"बोला. पण डावीकडे होऊन बोला. तुमच्या मागच्या सक्सौलच्या झुडपात त्याचं घरटं आहे, आणि तुमच्यामुळे मादीला आत जाता येत नाहीये."

सगळे वळले. मादी चोचीत अळी घेऊन फांदीवर ताटकळत उभी होती. अल्माटीचे एक निवृत्त दंतवैद्य, सापार आगा, दर वर्षी येतात. ते एवढे हसले की त्यांच्या पेल्यातला चहा सांडला.

"मला माहीत होतं," कोशेरबाय म्हणाला. "मी शेवटी दाखवणार होतो."

"मग मी मध्येच बोलले," बाल्झान म्हणाली आणि पुन्हा कणकेत हात घातले.

त्यानंतर तिला काय दिसलं नाही ते विचारा. भाकरी थापताना तिने टेकडीवरून उतरणारी काळशेपटी हरणं दाखवली. भांडी घासायला वाळू घेताना वाळूतच अंग चोरून बसलेली घोरपड दाखवली. कासवं तर तिच्या चुलीपाशी कांद्याच्या सालींसाठी येऊ लागली. सकाळी पाहुणे तोंड धुऊन आधी चुलीकडे जात. सापार आगा विचारत, "काय सूनबाई, आज काय?" आणि ती लाटणं एका दिशेला करून सांगे, "तिकडे कोल्हीण पिल्लांना घेऊन निघालीय. घाई करू नका, आगा, ती थांबते."

कोशेरबाय दुर्बीण गळ्यात अडकवून लांब उभा राही.

"झेझ्दे, काच पुसून देऊ का?" मी विचारलं.

"धुरात बसलं की काहीही दिसतं माणसाला," तो म्हणाला. "उद्या म्हणेल वाघ दिसला."

"वाघ दिसला तर आधी तुम्हालाच सांगेल. तुम्ही पुढे चालता ना."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी बॅटऱ्या मोजायला गेले.

दुआदाक अजून नाचायला लागला नव्हता, निदान कोणी बघितला नव्हता. ओळखीच्या जागा सगळ्या रिकाम्या. तो नर दर वर्षी त्याच पट्ट्यात नाचतो, पण यंदा पाऊस पलीकडे पडला होता आणि गवतही पलीकडे सरकलं होतं. कोशेरबाय पहाटे निघे, उन्हं चढल्यावर ओठ फुटलेला परत येई, आणि पहिलं काय बघे तर बाल्झानचा चेहरा. तिला काही कळलंय का, ती काही बोलणार आहे का. ती फक्त विचारी, "खाऊन घेता ना?" यानेही त्याच्या नाकाला मिरच्या झोंबत.

मग त्याच्या लक्षात आलं की तीही पहाटे तळावर नसते.

चुलीसाठी उंटाचं वाळलेलं शेण लागतं. ते गोळा करायला ती गोणी घेऊन जाई, यात नवीन काही नव्हतं. पण तळाच्या मागेच ढिगाने शेण पडलेलं असताना ती वाळूचा उंच दांड ओलांडून उत्तरेला जायची, आणि येताना गोणी अर्धीच. शिवाय गुणगुणत यायची. उत्तरेला दुइसेनचे उंट चरायला असतात. दुइसेन विधुर आहे, उंच आहे, आणि बाल्झानच्या हातच्या बाउरसाकची, तळलेल्या कणकेच्या गोळ्यांची, त्याने एकदा सगळ्यांसमोर स्तुती केली होती.

"तुझी बहीण दुइसेनकडे दूध आणायला जाते का?" कोशेरबायने मला विचारलं. मी पॅनलखाली पडून तारा जोडत होते, त्यामुळे मला फक्त त्याचे बूट दिसत होते.

"दूध तो स्वतः आणून देतो की. मोटरसायकलवरून. रोज."

"तेच म्हणतोय मी. रोज."

"झेझ्दे, तुम्ही आता कुत्र्यावरून माणसावर आलात."

"हसू नकोस. उद्या तुला उत्तरेच्या पाणवठ्यावर कॅमेरा बघायला जायचंय ना? मी सोडतो तुला."

"कॅमेरा ठीक आहे."

"नाहीये ठीक," तो म्हणाला आणि बूट निघून गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. मोटरसायकल त्याने खूप अलीकडेच सोडली. पुढे चालत, मग वाकून, मग दांडाच्या माथ्यावर पोटावर. मी त्याच्या शेजारी. पूर्वेकडे नुसती फट उजळली होती. त्याने दुर्बीण लावली आणि आधी दुइसेनचे उंट शोधले. ते फार दूर होते, आणि त्यांच्यापाशी दुइसेन अंगावर पांघरूण घेऊन बसल्या बसल्या झोपलेला होता. कोशेरबायने श्वास सोडला. मग दुर्बीण इकडे आणली.

"पडली की काय," तो एकदम म्हणाला.

मला नुसत्या डोळ्यांनी एवढंच दिसत होतं की सक्सौलच्या खोडाशी बाल्झानची गोणी आहे आणि गोणीशेजारी बाल्झान पालथी आहे. तो उठणार होता. गुडघा टेकलासुद्धा. मग थांबला.

"काय आहे?" मी विचारलं. "द्या ना इकडे."

त्याने दुर्बीण दिली नाही. पण तोपर्यंत मलाही दिसलं. हिंगाच्या दांड्यांमधून पांढरा गोळा धावत होता. उजवीकडे गेला, वळला, तिच्यासमोरून एवढ्या जवळून गेला की तिने हात लांबवला असता तर पिसांना लागला असता. तिने हात लांबवला नाही. हनुवटी मनगटांवर ठेवून ती बघत होती. घरी, चुलीपाशी, कोणाच्या लग्नात, कुठेही मी तिला इतकं स्वस्थ पाहिलेलं नाही.

कोशेरबाय मागच्या मागे सरपटत खाली गेला. मी त्याच्या पाठोपाठ. त्याचा डावा गुडघा कायमचा दुखरा, तरी तो पळत सुटला. मोटरसायकलपाशी पोहोचल्यावर मला वाटलं किक मारणार. त्याने मारली नाही. आवाजाने पक्षी बिचकेल म्हणून ती जड गाडी त्याने वाळूतून हाताने ढकलत नेली, धापा टाकत, मला शिव्या घालत, की तू काय नुसती चालतेस, ढकल. पार खोलगटात उतरल्यावरच ती सुरू केली आणि मला तिथेच सोडून निघून गेला.

मी चालत तळावर आले तेव्हा सगळं उरकलं होतं. "सुयिन्शी, अपा! सुयिन्शी!" हे म्हणे दूरच्या तंबूंतही ऐकू गेलं. राबिगा अपांनी यंदा शापान काढून ठेवला होता, निळ्या मखमलीचा लांब अंगरखा, कडेला सोनेरी वेलबुट्टी. तो अंगावर घालून कोशेरबाय उभा होता. पाहुणे फोटो काढत होते.

थोड्या वेळाने बाल्झान दांड उतरून आली. गोणी अर्धी.

"बाल्झान, तुझ्या नवऱ्याने शोधला बघ!" अपा म्हणाल्या. "उत्तरेच्या हिंगाच्या पट्ट्यात."

तिने गोणी खाली ठेवली. आधी शापानकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. तो वेलबुट्टीवरची नसलेली धूळ झटकत होता.

"शोभतोय," ती म्हणाली. "खांद्यात जरा घट्ट आहे."

आणि चूल पेटवायला बसली.

दुसऱ्या पहाटे तो पाहुण्यांना घेऊन गेला, पुढे शापान आणि मागे आम्ही सगळे रांगेत. पक्षी नाचला, छान नाचला. पाहुणे पडल्या पडल्या एकमेकांना चिमटे काढत होते. कोशेरबायने मात्र एकदाही दुर्बीण लावली नाही. तो त्या सक्सौलच्या खोडाशी पडला होता आणि खाली बघत होता. तिथे वाळूत कोपरांचे दोन खळगे होते, चांगले खोल, रोज कोणीतरी येऊन पडल्याशिवाय होत नाहीत तसे. बाजूला सूर्यफुलाच्या बियांच्या टरफलांचा ढीग. खालची टरफलं दवाने आणि उन्हाने पांढरी पडलेली, वरची अजून काळी.

पक्षी गवतात गेल्यावर सापार आगांनीही तो ढीग पाहिला. "अरे वा," ते हळूच म्हणाले, "इथे तर कोणीतरी मुक्कामच ठोकला होता. कोण रे?"

कोशेरबायने माझ्याकडे पाहिलं नाही.

"मीच," तो म्हणाला.

परत आल्यावर सगळे चहाला बसले. आमच्याकडे चहा पेल्यात निम्माच ओततात. थोडा ओतायचा, पुन्हा पुन्हा ओतायचा, म्हणजे माणूस बसून राहावा. काठोकाठ भरून दिला तर त्याचा अर्थ, प्या आणि उठा. बाल्झानने अपांना ओतला, आगांना ओतला, मला ओतला. मग नवऱ्याचा पेला घेतला आणि ओतत राहिली. चहा काठाला आला, काठावर फुगला, आणि तिने तो एक थेंबही न सांडता त्याच्यासमोर ठेवला.

पाहुण्यांना कळलं नाही, पण अपांना कळलं आणि सापार आगांनाही कळलं.

"काय झालं गं?" अपांनी विचारलं.

"काही नाही. आगा सांगत होते की यांनी तिथे बिया खाल्ल्या. यांच्या दाढा दुखतात, यांना बिया फोडता येत नाहीत. म्हटलं चहा तरी भरपूर प्यावा."

सापार आगा दंतवैद्य होते, ते पेल्यात बघू लागले.

अपांनी कोशेरबायकडे पाहिलं. तो लाल झाला, पण मागे हटला नाही. "सुयिन्शी सांगणाऱ्याची असते, अपा. बघणाऱ्याची नाही. माझ्या बापाच्या वेळेपासून असंच आहे. उंटीण कोणाला सापडली ते कोण विचारतं? धावत कोण आलं ते विचारतात."

"रीत तशीच आहे," अपा म्हणाल्या. नाइलाजाने म्हणाल्या, पण म्हणाल्या.

"मी कुठे मागतेय?" बाल्झान म्हणाली.

पाहुणे उठून गेल्यावर तो चुलीपाशीच बसून राहिला. मी तारा गुंडाळत होते. खरं तर तारा गुंडाळून झाल्या होत्या.

त्याने शापान काढून तिच्यासमोर ठेवला. "घे. तुझा आहे."

"मला काय करायचाय? सकाळी थंडी असते, तुम्ही घाला."

"किती दिवस बघत होतीस?"

"मोजले नाहीत."

"आणि मी रोज वणवण करून येत होतो. तू विचारायचीस, खाऊन घेता ना." त्याने शापान आणखी पुढे सरकवला. "माझ्यासाठी ठेवला होतास ना? म्हटलं असशील, बिचारा, त्यालाच सापडू दे. दया आली माझी. बोल, आली ना?"

मला वाटलं ती हो म्हणेल. बहुतेक त्यालाही तेच हवं होतं. दया असती तर त्याला रागावता आलं असतं.

बाल्झानने हात पुसले. ती चिडलेली नव्हती. चहा ओतला तेव्हाच तिचं चिडणं संपलं होतं.

"तुमच्यासाठी?" ती म्हणाली. "अहो, तिथे असताना तुमची आठवणसुद्धा व्हायची नाही मला."



"मग कोणाला सांगणार होतीस?"

"कोणालाच नाही. सांगितलं असतं की तुम्ही सगळे आला असता." तिने शापानची घडी घालून त्याच्या मांडीवर ठेवली. "आलातच."

त्यानंतर कोशेरबाय बदलला असं म्हणणार नाही. तो पाहुण्यांच्या पुढे चालतो, शापान घालतो, खांद्यात घट्ट आहे हे आता त्यालाही जाणवतं आणि तो सारखा खांदे हलवतो. दुइसेन दूध घेऊन येतो तेव्हा त्याच्याशी नीट बोलतो. एकदा त्याला बसवून चहासुद्धा पाजला. दुइसेन घाबरला.

बाल्झान आता उत्तरेला जात नाही. पहाटे गोणी घेऊन ती पश्चिमेला जाते, मीठ फुटलेल्या सपाटीच्या पलीकडे. तिथे काय आहे ते कोणाला माहीत नाही. माझा एकही कॅमेरा तिकडे नाही. येताना गोणी अर्धी असते.

एके पहाटे ती निघाली तेव्हा तो तंबूच्या दाराशी बूट हातात धरून बसला होता. मला वाटलं, आता मागे जाणार. त्याने बूट घातले, पुन्हा काढले. ती दांडाआड गेल्यावरही तो तिकडेच बघत राहिला, दुर्बीण गळ्यात तशीच.

"जायचं तर जा ना, झेझ्दे," मी म्हटलं.

"गेलो की संपलं," तो म्हणाला. "मग ती आणखी लांब जाईल."

थोड्या वेळाने त्याने मला विचारलं. टर उडवण्यासारखं त्यात काही नव्हतं. तो अजून विचारतो, मला, अपांना, एकदा तर दुइसेनलाही विचारलं म्हणे. फक्त तिला विचारत नाही.

"ती तिथे जशी पडून बघत होती ना," तो म्हणाला, "तसं माझ्याकडे कधी बघितलंय का गं तिने?"